बाई, तुम्ही पाय उचलला नाही

बाई, आज वाफसा आला.

तुम्हाला जाऊन सोळावा दिवस. तेरवी झाली, पाहुणे गेले, अंगणातला मांडव उतरवला. सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन मी मूठभर माती उचलली. मूठ दाबली तर गोळा झाला, हातातून सोडला तर जमिनीवर पडून फुटला. तुम्ही दाखवलं होतं तसंच. आपली ही खारपाणपट्ट्यातली काळी जमीन असे दोन-तीनच दिवस देते. त्याआधी चिखल, त्यानंतर दगड. हरभरा पेरायचा तर आजच. तुम्ही असता तर चहासुद्धा न घेता निघाला असता. मी चहा घेतला. मग कोठ्यात गेले आणि ट्रॅक्टरच्या सीटवरची उशी झटकली. त्या उशीत अजून तुमच्या बसण्याचा खळगा आहे. मी त्या खळग्यात बसले. मला तो जरा मोठा होता.

दिवसभर झोपेत असल्यासारखं वाटत राहिलं. इंजिनाचा आवाज एकसारखा चालू असला की असं होतं, हे तुम्हीच सांगितलं होतं. समोर ऑक्टोबरचं ऊन, वावराच्या टोकाला पाण्यासारखं हलणारं. मागे पेरणीयंत्र, आणि नळ्यांतून बी पडतंय की नाही बघायला शेजारच्या गोदामाय चालत होत्या. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तास घालून मी वळायची, दुसऱ्या तासाला लागायची, आणि प्रत्येक तासात तुमच्याशी बोलायची. जे बोलले ते आता लिहिते आहे. काही आधी बोलायला हवं होतं. तेही.

हा ट्रॅक्टर घरी आला तेव्हाही तो नवा नव्हता. मोठ्या भाऊजींनी, तुमच्या ह्यांनी, तो अकोटहून आणला, नऊ वर्षं कोणीतरी वापरलेला. पस्तीस हॉर्सपॉवरचा, ना लहान ना मोठा. त्याचा मूळ रंग कोणता यावरून भाऊजी आणि माझे हे अंगणातच वाद घालत बसले. तुम्ही त्याला ओवाळलं, ताट माझ्या हातात दिलं, बोनेटवर हात फिरवला आणि म्हणालात, "म्हातारा आहे वं रेखा. पन दात शाबूत दिसतात."

दात खरंच शाबूत होते. नांगर कितीही खोल गेला तरी इंजिनाचा आवाज नुसता जाड व्हायचा, दबायचा नाही. डिझेल बेताचं. बिघडला तर अकोटचे सलीमभाई मिस्त्री एक पिशवी घेऊन एसटीनं यायचे आणि चिंचेखाली पोतं अंथरून त्याचं पोट उघडायचे. "ह्याच्यात असं काहीच नाही जे मले दिसत नाही," ते म्हणायचे. "नव्या गाडीत जे बिघडते ते दिसतच नाही, वहिनी."

आणि अवगुण? ते माझ्याइतके कोणी मोजले नसतील. स्टिअरिंग असं की वळवताना जातं ओढल्यासारखे तुमचे खांदे भरून यायचे. ब्रेक दोनदा मारल्याशिवाय लागायचा नाही, आणि लागला की डावीकडे ओढायचा. कोठ्यात रोज त्याच जागी ऑइलचा काळा डाग. रेडिएटरला बोअरचं खारं पाणी चालायचं नाही, आतून खायचं ते; म्हणून गोड्या पाण्याची कॅन आली की तुम्ही पहिलं माप त्याच्यासाठी काढून ठेवायचात, मग माठ भरायचात.

पण सगळ्यात जास्त राग मला त्याच्या क्लचचा यायचा. एकच क्लच. दाबला की चाकंही थांबणार आणि मागचं रोटाव्हेटर फिरवणारा दांडाही थांबणार. दाट गवतात चाकं थांबवून पाती फिरती ठेवावी म्हटलं तर ते ह्याच्या नशिबात नाही. दोन्ही एकदम बंद. मग गवताचा बोळा अडकायचा आणि मी खाली उतरून तो हातानं उपसायची. तळहातांना फोड यायचे. मी ह्या ट्रॅक्टरला किती शिव्या दिल्या असतील, बाई! तुम्ही सीटवरून नुसत्या बघायचात.

भाऊजींना लकवा झाला तेव्हा तुम्ही एक्केचाळीसच्या होता. त्यांचा उजवा पाय गेला, म्हणजे ब्रेक गेला. माझे हे अमरावतीला शाळेत नोकरीला. शनिवारी येणार, रविवारी जाणार. भाड्याचे ट्रॅक्टर आधी त्यांच्या मालकाची वावरं करायचे, मग आपली, आणि तोवर वाफसा निघून गेलेला असायचा. एक रब्बी अशी पडीक गेली. दुसऱ्या वर्षी सलीमभाई ऑइल बदलायला आले होते, तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिलात.

"मले शिकवा."

सलीमभाई हसले नाहीत. त्यांनी फडक्याला हात पुसले. "वहिनी, आधी चालवू नका. आधी आयका."

दोन दिवस त्यांनी तुम्हाला नुसतं ऐकायला लावलं. इंजिन चालू ठेवायचं, तुम्ही बोनेटवर तळहात टेकून उभं राहायचं, डोळे मिटून. मी ओसरीतून बघायची. तुम्ही कोणाच्या तरी छातीवर हात ठेवून श्वास मोजता आहात असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी तुम्ही सीटवर बसलात आणि सरळ धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत गेलात. तिथे थांबलात. साडीवर भाऊजींचा फुल बाह्यांचा शर्ट घातलेला होता, पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यानंतर त्या शर्टाशिवाय तुम्ही कधी ट्रॅक्टरवर चढला नाहीत. मलाही सांगत राहिलात, शर्ट घाल, पदर खोच. मला तो पुरुषी शर्ट नको वाटायचा.

गावातली माणसं पारावरून म्हणाली, "आता बाया ट्रॅक्टर चालवतीन अन् आमी का भाकरी थापू?"

तुम्ही ट्रॅक्टर थांबवून म्हणालात, "थापा. मिठाचं मी सांगत जाईन."

एक सकाळ मला अजून स्वप्नात दिसते. भाऊजींना गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जायचं होतं. ते गाडीत बसू शकत नव्हते, म्हणून तुम्ही ट्रॉलीत कडबा पसरला, वर गादी टाकली, आणि भाऊजींसोबत गावातल्या बारा-तेरा बायका बसल्या. उजाडता उजाडता निघालो. वलगाव मागे पडलं, अमरावती मागे पडलं. ट्रक हॉर्न मारत बाजूनं जायचे, मोटारसायकली जायच्या, एकदा तर एक सायकलवालाही गेला. आपला ट्रॅक्टर आपल्या चालीनं. बायका भजन म्हणत होत्या. मग भजन हळूहळू बारीक होत गेलं, आणि बघते तो सगळ्या झोपलेल्या, एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून. भाऊजीसुद्धा. जागी मी एकटी. दोन्हीकडे फुटलेला पांढरा कापूस, वर पातळ धुकं, आणि पुढे तुमच्या शर्टाची पाठ, जराही न हलणारी. आपण कुठे जातच नाही आहोत, रस्ताच आपल्याखालून शांतपणे मागे सरकतोय, असं वाटत होतं. मोझरीच्या कमानीपाशी तुम्ही थांबलात तेव्हा एक म्हातारी दचकून उठली, "आलं का? मी तं आताच डोये मिटले होते." भाऊजी अर्ध्या चेहऱ्यानं हसले. त्यांचं तसं हसणं मी नंतर पाहिलं नाही. चार वर्षं खाटेवर राहून ते गेले.

मग आपण दोघीच उरलो. तुम्ही चालवायचात, मी बाजूला मडगार्डवर बसायची. तुम्ही कायम उजव्या खांद्यावरून मागे बघत चालवायचात, नांगराकडे, रोटाव्हेटरकडे, म्हणजे डावा कान इंजिनाकडे. वर्षानुवर्षं. त्या म्हाताऱ्या इंजिनानं तो कान हळूहळू नेला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. स्वयंपाक करताना मी तुमच्या डावीकडून काही विचारायची, तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. मला वाटलं, कशावरून तरी रागावल्या. दोन आठवडे मीही अबोला धरला. तुम्हाला तो अबोलाही कळला नाही.

आपलं भांडण तेव्हापासूनच सुरू होतं. मी म्हणायची, हा विकू, नवा घेऊ. हलकं स्टिअरिंग, तेलात चालणारे ब्रेक, गुबगुबीत सीट, दांड्याचा क्लच वेगळा. हेही म्हणायचे, वयनी, आता विका. तुमचं एकच, "नाई." कारण नाही, समजावणं नाही. मला वाटायचं, तुमचा जीव त्या लोखंडावर जडलाय. माझ्या हातापेक्षा जास्त.

दोन वर्षांमागचा ऑक्टोबर. त्या दिवशी काय झालं ते गावाला ठाऊक आहे. कसं झालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी निघतानाच आपण भांडलो. इंजिन बंद करायची तार महिन्यापासून तुटलेली होती. बंद करायचं तर खाली उतरून पंपाजवळचा दांडा हातानं ओढावा लागायचा. मी म्हटलं, अकोटला जाऊन बसवून आणू. तुम्ही म्हणालात, पेरणी होऊ दे. मी म्हटलं, तुमाले समदं पेरणीनंतरच सुचते. मग वावरात मी मडगार्डवर चढले तशा तुम्ही म्हणालात, "पदर खोच रेखा. नाईतं खाली उतर."

मी पदर खोचला नाही. उतरलेही नाही. तुमच्याकडे पाठ करून बसले आणि पदर तसाच खांद्यावर राहू दिला. मुद्दाम, बाई. वाऱ्यानं उडाला असं मी सगळ्यांना सांगितलं. वारा नव्हताच त्या दिवशी. रोटाव्हेटर चालू झालं, तासामागून तास जाऊ लागलं, उन्हात मला डुलकी लागली, पदर घसरून मागे गेला, आणि फिरत्या दांड्यानं तो धरला.

मी ओरडले असेन. तुमच्या डावीकडून. तुम्हाला ऐकू आलं नाही. माझा हात तुमच्या शर्टाच्या कॉलरला लागला आणि मी ती धरली. तुम्ही वळून बघितलंसुद्धा नाही. आधी दोन्ही पाय खाली दाबलेत, क्लच आणि ब्रेक, आणि मग वळलात.

सगळं थांबलं. चाकं थांबली, दांडा थांबला. त्या एका क्लचनं सगळं एकदम थांबवलं.

मी मडगार्ड आणि सीटच्या मधे उलटी पडले होते, मान खाली, पातळाचे पीळ दांड्यावर आणि माझ्या खांद्याभोवती आवळलेले. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला होता. इंजिन चालूच होतं.

"बाई, बंद करा."

"तार तुटेल आहे वं." तुमचा आवाज अगदी हळू होता. "हालू नको. मले पाय उचलता येत नाई. उचलला तं दांडा फिरन."

तुम्ही दांड्याचा खटका काढून बघितला, तो माझ्या अंगाखाली आणि पिळाच्या ताणानं गच्च बसला होता. पातळ दातानं फाटेना. विळा आणि मोबाइल डब्यासोबत बाभळीखाली. इंजिन बंद पाडायला क्लच सोडला असता तरी दांडा एक वेढा फिरलाच असता, आणि एक वेढा पुरेसा होता. म्हणून तुम्ही एक पाय क्लचवर ठेवून, मागे वाकून, उजव्या हातानं माझं डोकं धरून ठेवलं. तो क्लच किती कडक आहे, बाई, ते मला आज पहिल्यांदा दिवसभर चालवल्यावर कळलं. वळणावर दहा वेळा दाबला तरी मांडी भरून येते.

"झोपू नको," तुम्ही म्हणालात. "बोलत राय माह्यासंग."

"काय बोलू?"

"भांड. सकायी भांडत होती, आता काहून चूप?"

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. मी म्हटलं, "नवा ट्रॅक्टर घ्या."

"नाई घेत."

"काहून पन?"

रोटाव्हेटरमागे किडे वेचायला आलेले बगळे आता जवळ येऊन थांबले होते, ट्रॅक्टर पुढे कधी जातो याची वाट बघत. एक माझ्या तोंडापासून दोन हातांवर होता. पांढरा, स्वच्छ, एका पायावर. धूळ खाली बसत होती. मला दुखायचं थांबलं होतं. असंच पडून राहावं, इंजिनाचा आवाज ऐकत, असं वाटायला लागलं होतं.

"मले याचा भेव वाटते वं," तुम्ही म्हणालात. "पहिल्या दिवसापासून. चढताना रोज पाय कापतात."

"मंग विका नं."

"नव्याचं मले काय समजीन? मले एकाच कानानं आयकू येते. याचं पायातून समजते. बेरिंग बोललं तं टाचेले समजते, गवत अडकलं तं गुडघ्याले. नवा गुपचूप चालते. गुपचूप चालनाऱ्याचं मले काहीच समजनार नाई, रेखा."

"मंग हे पहिले काहून नाई सांगतलं?"

"तू म्हनली असती, बयरी झाली, आता चावी दे."

मी तसं म्हटलं असतं. खरंच म्हटलं असतं.

किती वेळ गेला? तुम्ही म्हणायचात दहा मिनिटं. गोदामाय म्हणतात अर्धा तास तरी असेल, कारण त्यांनी पलीकडच्या धुऱ्यावरून ट्रॅक्टर उभा पाहिला, गवत कापून भारा बांधला, आणि भारा घेऊन निघाल्या तरी तो उभाच होता.

"मायबाई! काय झालं वं हे?"

"गोदामाय, भारा टाक. पुढं जा. पंपापाशी बोटाएवढा लोखंडी दांडा आहे, तो मागं वढ."

"मले नाई समजत त्यातलं. मले शॉक लागन."

"नाई लागत. गाईचं थान वढतं तसा वढ."

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. गोदामायनं विळ्यानं माझं पातळ कापलं, मला ओढून खाली निजवलं. आणि तरी तुम्ही पाय उचलला नाहीत. गोदामाय तीनदा म्हणाल्या, "पुष्पा, सोड आता. बंद झालं." शेवटी त्यांनी तुमचा गुडघा दोन्ही हातांनी धरून उचलला आणि बाजूला ठेवला. तो गुडघा नंतर कधी नीट वाकला नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात माझ्या हाडात पट्टी बसवली. हे शाळेतून धावत आले. वॉर्डात दहा माणसांसमोर ते तुम्हाला म्हणाले, "बाईमानसाच्या हातात ट्रॅक्टर देल्यावर अजून काय होईन?" तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होता, डावा पाय हवेत धरून. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. गुंगीचं औषध होतं, हे खरं. पण मी जागी होते.

गावानंही तेच म्हटलं. पुष्पाबाईनं जावेला दांड्यात घातली असती. मी ऐकत राहिले. आज सांगीन, उद्या सांगीन.

मग आपलं भांडण उलटं झालं. तुम्ही म्हणायला लागलात, विकू हा, ह्यानं तुले खाल्लं असतं. मी म्हणायला लागले, नाही, ह्यानंच वाचवलं. तुम्ही माझी वाक्यं बोलत होता आणि मी तुमची. सलीमभाई तार बसवायला आले तेव्हा आपण त्यांना न्यायाधीश केलं. त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. म्हणाले, "नवी गाडी असती तं पाय दाबल्यावर चाकं थांबली असती, दांडा नसता थांबला. पन नव्या गाडीत दांड्यावर झाकण असते, पदर गेलाच नसता. आता तुमीच ठरवा." आपण ठरवलं नाही. दोन पावसाळे गेले; तुम्ही तसल्या गुडघ्यानंच चालवत राहिलात, आणि मोकळ्या वावरात थोडं थोडं मलाही शिकवलंत.

मग यंदा तुम्ही आजारी पडलात. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुमचे किडनीचे कागद बघून विचारलं, प्यायला पाणी कोणतं? तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं गोडं पानी ट्रॅक्टर पेते, डॉक्टरसाहेब." सासरहून आलेली तुमची लेक सोनू रडता रडता हसली. डॉक्टर हसले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात माझी खुर्ची तुमच्या पलंगाच्या डावीकडे होती, कारण उजव्या हाताला नळ्या होत्या. एका दुपारी वॉर्ड झोपला होता, पंखा फिरत होता, आणि मी तुम्हाला सगळं सांगितलं. पदर मी मुद्दाम खोचला नव्हता. वारा नव्हता. ह्यांच्यासमोर मी जागी होते. हळू आवाजात सांगितलं, तुमच्या डाव्या कानाशी. खुर्ची उचलून पलीकडे नेता आली असती, बाई. मी नेली नाही. बोलून झाल्यावर तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हरभऱ्याचं बी आनलं का?"

मी म्हटलं, आणलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सांगितलं. उठून उभं राहून, ते दाढी करत होते तेव्हा. ते आरशात बघत राहिले. गालावरचा फेस वाळून गेला. मग मी अंगणात गेले. गोदामाय भांडी आणून देत होत्या, त्यांनाही सांगितलं. त्यांनी भांडी खाली ठेवली.

"मले ठाऊक आहे वं."

"कसं?"

त्या म्हणाल्या, त्याच दिवशी तुमच्या गुडघ्याला शेकताना त्यांनी विचारलं होतं, पदर गेला कसा? आणि तुम्ही म्हणालात, "मी सांगतलं होतं तिले, खोच मनून. तिनं रागानं नाई खोचला. पन तू हे कोनाले बोलजो नोको. ती लहान आहे घरात, तिले जनमभर आयकाव लागन. मले कोनी बोललं तं मी डावा कान करीन त्यायच्याकडं."

दोन वर्षं, बाई. दोन वर्षं तुम्ही रोज माझ्या हातची भाकर खाल्ली, माझे केस विंचरून दिले खांदा उचलत नव्हता तेव्हा, आणि मला कळू दिलं नाहीत की तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे घरातल्या माणसाचे आभार कोणी मानत नाही. मीही कधी मानले नाहीत. त्यासाठी कोणता शब्द वापरायचा असतो तेसुद्धा मला येत नाही. मी जिवंत आहे, एवढंच सांगते. आज पेरलं.

ट्रॅक्टरचं मी ठरवलंय. दांड्यावर पत्र्याचं झाकण बसवून घेते. सलीमभाई येत्या आठवड्यात येतील. हा खांदा दुपारनंतर स्टिअरिंगला नाही म्हणतो, तेव्हा अजून दोन रब्बी, फार तर तीन. मग विकीन आणि हलका घेईन. तुमचं खरं होतं आणि माझंही खरं होतं, दोन्ही वेळा.

संध्याकाळी पेरायची दोन तासं उरली असताना हे वावरात आले. ह्यांनी रजा वाढवली आहे. पाण्याची बाटली घेऊन धुऱ्यावर उभे राहिले, शेवटचं तास संपेपर्यंत. गोदामाय पायवाटेनं गेल्या. हे मडगार्डला हात लावून म्हणाले, "बसतो घरापरेंत."

"नाई," मी म्हटलं. "तिथं आता कोनीच बसनार नाई. चाला."

ते बाजूनं चालू लागले. मी पहिला गिअर टाकला, त्यांच्या पावलाला जुळेल असा. ऊन पिवळं झालं होतं, पेरलेल्या वावरावर धूर तरंगावा तशी धूळ तरंगत होती, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी, एक वर, एक खाली, जाग आली तरी स्वप्न संपलं नाही असं चाललो होतो. अर्ध्या वाटेवर ते काहीतरी बोलले. इंजिनात ऐकू आलं नाही. मी ट्रॅक्टर थांबवला, बंद केला.

"काय म्हनता?"

"काही नाई. चाल."

"बोला नं."

ते चाकाला टेकून उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वयनीले मी दवाखान्यात समद्यायसमोर बोललो. त्या काहीच बोलल्या नाई. नंतर दर शनिवारी मी घरी आलो, त्यायनं मले ताट वाढलं. एकदा तरी मी..."

मी म्हटलं, "मी आज त्यायले लिहिनार आहे. तुमचं लिहू का?"

त्यांनी मान खाली घातली. समोरच्या वाटेनं कोणाच्या तरी म्हशी गेल्या. मग म्हणाले, "लिही. लांबन लावू नको. चुकलं मनून लिही."

तर बाई, हे त्यांचं. त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलंय.